उमेदवारांना अक्कांचा एक प्रश्न

त्या उन्हाळ्यात मी दुपारी झोपायचे आणि माझ्या झोपेतून निवडणूक जायची.

मी तमिळ मुलखात, इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. पहिली पाळी सहाची, म्हणून कंपनीची बस साडेचारला नाक्यावर यायची. अंबत्तूरच्या खोलीवर परत येईपर्यंत साडेतीन वाजायचे. आंघोळ करून ओले केस उशीवर पसरले की दोन मिनिटांत डोळा लागायचा. बाहेर ऊन इतकं असायचं की मिटल्या पापण्यांच्या आतही सगळं केशरी दिसायचं. मग लांबून एखादी रिक्षा यायची, टपावर दोन भोंगे बांधलेली, आणि त्यातला आवाज गल्लीच्या तोंडाशी जाड, खिडकीखाली धारदार, आणि पुढे वळणावर पुन्हा मऊ व्हायचा. माझं तमिळ तेव्हा भाजीबाजारापुरतं होतं. त्यामुळे भाषणातले बरेच शब्द पाण्याखालून ऐकल्यासारखे यायचे आणि एखादाच ओळखीचा वर तरंगायचा.

त्यातला एक शब्द रोज यायचा, गांजा. त्याच्यामागून दुसरा, ओळिप्पोम. अर्धवट झोपेत मला तो 'ओळखू' असा ऐकू यायचा. गांजा ओळखू. मला वाटायचं, चला, ही माणसं निदान आधी ओळख करून घेणार आहेत.

एका संध्याकाळी मी हे खाली अक्कांना सांगितलं, तर त्या इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. "अगं, ओळिप्पोम म्हणजे नाहीसं करू. समूळ. ओळख कसली करताहेत ते!"

अक्का म्हणजे माझ्या घरमालकीण. तंजावरकडच्या जुन्या मराठी घराण्यातल्या. शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, सत्तरीच्या पुढे गेलेल्या. मी सांगलीची. आमच्या दोघींची भाषा एकच, पण मध्ये तीनेकशे वर्षं. त्या 'झालं' म्हणत नसत, 'होलं' म्हणत. "जेवण होलं की?" हा त्यांचा जिन्याखालून येणारा रोजचा प्रश्न. वाक्याचा शेवट तमिळसारखा वर उचलायच्या, त्यामुळे साधी विचारपूसही गाण्याची सुरुवात वाटायची. त्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहायला मला जमत नाही, म्हणून इथे ते माझ्या मराठीत देते आहे.

त्या घरात तिसरं माणूस होतं अक्कांचे धाकटे भाऊ. गल्लीत सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही म्हणायचे. साठीच्या आसपासचे, सडपातळ, नेहमी इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत एका लहान कारखान्यात तीस वर्षं त्यांनी लेथवर काढली होती. बोलणं कमी. गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालताना ते प्रत्येक कुंडीपाशी इतका वेळ थांबायचे की मला वाटायचं, आता काही तरी बोलतील. बोलायचे नाहीत.

हसू ओसरल्यावर अक्का म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी आपल्या वसाहतीच्या वाचनालयात उमेदवारांना बोलावलंय. तिघांनी यायचं कबूल केलंय. मी एक प्रश्न विचारणार आहे. तू माझ्याशेजारी बस."

"कसला प्रश्न?"

त्यांनी गच्चीच्या दिशेनं पाहिलं. वर अण्णांच्या झारीचं पाणी मातीवर पडल्याचा आवाज येत होता. "ओढणाऱ्याला काय करणार? तुरुंग की इस्पितळ? एवढाच."

आणि मग, आवाज अगदी खाली आणून, त्यांनी मला अण्णांची हकिगत सांगितली.

अण्णा तेव्हा तेवीस वर्षांचे होते. सरकारी कारखान्यातल्या फिटरच्या जागेची परीक्षा पास झाले, यादीत नाव लागलं. त्या आनंदात मित्रांबरोबर समुद्रावर गेले. मित्रांपैकी कुणीतरी गांजा आणला होता. अण्णांनी याआधी दोन-तीनदा ओढला होता, नाही असं नाही. पोलीस आले तेव्हा बाकीचे पळाले. अण्णा पाण्यात पाय सोडून बसले होते, त्यांना उठायला उशीर झाला. खिशात एक पोट्टलम सापडलं. पोट्टलम म्हणजे आपली पुडी, कागदाची, बोटाएवढी. वडिलांनी जामिनासाठी कोर्टात पाऊल टाकायला नकार दिला. चार महिने अण्णा आत होते. खटला सहा वर्षं रेंगाळला आणि शेवटी न्यायाधीशांनी आत काढलेले दिवस हीच शिक्षा धरून सोडून दिलं. पण नोकरीचं पत्र पोलिसांच्या अहवालानंतर केव्हाच रद्द झालं होतं. मग लेथ. लग्नाची बोलणी दोनदा सुरू झाली आणि दोनदा कुणीतरी जाऊन सांगून आलं.

"तो त्यावर बोलत नाही," अक्का म्हणाल्या. "मी प्रश्न विचारणार हे कळल्यापासून माझ्याशीही बोलत नाही."

त्या रात्री माझ्या डोळ्यांसमोर सारखे वडील येत होते. आमच्या गावी महाशिवरात्रीला देवळामागे मोठ्या दगडी पाट्यावर भांग घोटायचे. वडील पेलाभर घ्यायचे, घरी येऊन तुळशीशी हसत बसायचे. आई म्हणायची, शंकराचा प्रसाद आहे, उद्या उतरेल. पोलीसपाटीलही त्याच रांगेत पेला घेऊन उभा असायचा. अक्कांना हे सांगितलं तर त्यांनी मास्तरणीच्या सुरात समजावलं, झाड एकच. कायद्यानं पानं वेगळी काढली आणि फुलोऱ्याला गुन्हा म्हटलं. माझे वडील पानांच्या बाजूला होते, अक्कांचा भाऊ फुलांच्या.

शनिवारच्या आधीच्या रविवारी तिघांतला एक उमेदवार आमच्याच दारात आला. अक्कांचा जुना विद्यार्थी. पन्नाशीचा, पांढरीशुभ्र वेष्टी लुंगीसारखी नेसलेली, कपाळावर घाम. कार्यकर्त्यांना त्यानं फाटकाबाहेर थांबवलं, चपला काढून आत आला आणि अक्कांच्या पाया पडला. अक्कांनी कॉफी दिली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. दोघं तमिळमध्ये बोलत होते, सावकाश, म्हणून मला बरंचसं कळलं. राहिलेलं अक्कांनी नंतर सांगितलं.

अक्कांनी आडवळण घेतलं नाही. तोच प्रश्न विचारला.

त्यानं कप खाली ठेवला. "टीचर, तुम्ही म्हणता ते खरं आहे. विकणाऱ्याला पकडलं पाहिजे. ओढणाऱ्याला आत टाकून काही होत नाही. बाहेर येतो तो आणखी बिघडून येतो. माझ्याच वॉर्डात पाहिलंय मी."

"मग शनिवारी हेच बोल."

तो थोडं हसला. "माईकवर हे बोललो तर उद्या समोरचे म्हणतील, हा गांजावाल्यांचा माणूस. बायका मत देणार नाहीत. कायदाही दिल्लीचा आहे, टीचर. मी निवडून आलो तरी तो बदलणार नाही."

"कायदा बदल म्हणत नाही मी. तुला काय वाटतं तेवढं सांग."

तेवढ्यात अण्णा गच्चीवरून खाली आले. रिकामी झारी हातात. उमेदवार उठून उभा राहिला, नमस्कार केला. अण्णांनी मान हलवली आणि मागच्या दारानं निघून गेले. त्यांनी बोलणं ऐकलं होतं की नाही, कुणालाच कळलं नाही.

शनिवारी संध्याकाळी वाचनालयाचा हॉल भरला. मासिकांची टेबलं भिंतीला लावली होती, प्लास्टिकच्या खुर्च्या शेजारच्या मंडपातून आणल्या होत्या. त्या मांडायला अण्णा सकाळपासून तिथं होते. बहिणीशी अबोला असला तरी वसाहतीचं काम त्यांनी कधी टाळलं नाही. मांडून झाल्यावर ते सगळ्यात मागे, दारापाशी उभे राहिले. पंख्यांनी तीच उष्ण हवा गोल गोल फिरवली. दारातून करंजाची फुलं उडत आत येत होती आणि पहिल्या रांगेतल्या माणसांच्या खांद्यांवर बसत होती. मी पहिल्या पाळीहून तशीच आले होते. झोप झाली नव्हती, त्यामुळे सगळं मला थोडं लांबून, थोडं सावकाश दिसत होतं. अक्का माझ्या कानाशी तमिळचं मराठी करत होत्या. त्यांच्या त्या जुन्या मराठीत कॅमेरे, ड्रोन, झडत्या असलं सगळं एखाद्या बखरीतून आल्यासारखं वाटत होतं.

पहिला उमेदवार धिप्पाड, आवाज असा की माईकची गरजच नव्हती. शाळांभोवती कॅमेरे बसवीन. प्रत्येक चौकात झडती. विकणारा आणि ओढणारा, माझ्या दृष्टीनं दोघं एकच. दोघांनाही आत. हॉलमध्ये टाळ्या कडाडल्या. अक्कांनी हात वर केला, पण त्याला दुसऱ्या सभेला जायचं होतं. तो निघून गेल्यावर त्याच्या खुर्चीवर फुलं पडत राहिली.

मग अक्कांचा विद्यार्थी. तो रस्त्यांवर बोलला, पाण्यावर बोलला, आणि शेवटी गांजावर आला. अक्का उभ्या राहिल्या. हातात कागद नव्हता. सबंध हॉलला ऐकू जाईल अशा शाळेतल्या आवाजात त्यांनी विचारलं, "ओढणाऱ्याला काय करणार? तुरुंग की इस्पितळ?"

त्यानं अक्कांकडे पाहिलं नाही. त्यांच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे पाहत म्हणाला, "अंमली पदार्थांच्या बाबतीत आमचा पक्ष कुणालाही दयामाया दाखवणार नाही." पुन्हा टाळ्या. अक्का खाली बसल्या.

तिसरी होती अपक्ष. वकील, चाळिशीची, सुती साडी, बरोबर एकच माणूस. अक्कांनी तिलाही तोच प्रश्न विचारला. ओढणाऱ्याला तुरुंग नको, डॉक्टर हवा, ती म्हणाली. विकणाऱ्या टोळ्यांना सोडायचं नाही. कॅन्सरच्या, आकडीच्या रोग्यांना या झाडापासून केलेलं औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सहज मिळावं. कायदा दिल्लीत होतो हे खरं, पण विधानसभा तसं मागू तर शकते. आजवर कुणी मागितलेलंही नाही.

टाळ्या वाजल्या नाहीत. तेवढ्यात मधल्या रांगेतून एक बाई उठली. तिला मी ओळखत होते. आमच्या मागच्या गल्लीत इडलीचं पीठ विकायची, मीही तिच्याकडूनच घ्यायचे. तिचा नवरा ओरगडमच्या ट्रकच्या कारखान्यात कंत्राटी कामगार होता. बोलताना तिचा आवाज फाटत होता.

अक्का सांगत गेल्या, "ती म्हणते, माझा नवरा आधी गांजा ओढायचा. रात्रपाळीत जागं राहायला, मग झोपायला. आता गोळ्याही घेतो. काम गेलं. मी स्वतः पोलिसांकडे गेले होते, याला घेऊन जा म्हणून सांगायला. तुम्ही मोकळं सोडा म्हणता. दुकानात मिळायला लागलं तर माझा नवरा सुटेल की आणखी बुडेल? सांगा मला."

वकीलबाई तिच्याकडे वळली. मग म्हणाली, "मला माहीत नाही. दुकानात विकावं असं मी म्हटलेलं नाही, आणि पुढे कुणी तसं केलं तर काय होईल हे मला खरंच माहीत नाही. तुमचा नवरा तुरुंगातून बरा होऊन येणार नाही, एवढं मात्र माहीत आहे."

"मग कुठे नेऊ त्याला?" बाईनं विचारलं.

वकीलबाई काही तरी शहरातल्या मोठ्या इस्पितळाचं सांगू लागली. बाई खाली बसली आणि पदरात तोंड लपवून रडू लागली. शेजारच्या बायका तिच्याकडे पाहत होत्या, कुणी हात लावत नव्हतं. अक्कांचा चेहरा उतरला होता. आपला प्रश्न त्या बाईच्या अंगावर जाऊन पडला असं त्यांना वाटलं असावं. त्या उठू लागल्या, तेवढ्यात मागून अण्णा पुढे आले.

खुर्च्यांमधल्या अरुंद वाटेनं, अंग चोरत, सगळ्यांच्या देखत ते आले आणि त्या बाईसमोर उकिडवे बसले. जे बोलले ते साधं तमिळ होतं, मला एकेक शब्द कळला.

"मी तुरुंगात होतो, अम्मा. याच कारणासाठी. तिथं कुणी कुणाला बरं करत नाही. उद्या सकाळी सातला मी तुमच्या घरी येतो. त्याला तयार ठेवा, आपण इस्पितळात जाऊ."

माईक नव्हता, तरी सगळ्यांनी ऐकलं. गल्लीत सदतीस-अडतीस वर्षं जे कुजबुजत बोललं जात होतं, ते त्यांनी स्वतःच्या तोंडानं एका वाक्यात सांगून टाकलं आणि उठून खुर्च्या एकावर एक रचायला लागले. सभा अजून संपलीही नव्हती.

बाहेर पडताना विद्यार्थी अक्कांच्या पाया पडायला आला. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "घरी बोललास ते मी ऐकलं. इथे बोललास तेही ऐकलं," त्या म्हणाल्या. "दोन्ही माझ्या लक्षात राहील."

आम्ही तिघं चालत घरी आलो. वारा सुटला होता, समुद्रावरून इतक्या आत उशिरा येतो तो. फाटकाशी अण्णांनी कडी काढली आणि म्हणाले, "अक्का, उद्या सहाला कॉफी लागेल मला." आठ दिवसांनी ते त्यांच्याशी बोलले होते. अक्कांनी "बरं" म्हटलं आणि घाईनं आत गेल्या.

मतदानाच्या दिवशी मी रांगेत तासभर उभी होते. माझं नाव सांगलीहून इथल्या यादीत आणायला मला दोन खेपा घालाव्या लागल्या होत्या, म्हणून त्या यंत्रासमोर उभं राहिल्यावर उगाच हुरूप वाटला. मी अपक्ष बाईला मत दिलं. तिचं सगळं मला पटलं होतं असं नाही. दुकानात मिळण्याची कल्पना आजही मला अस्वस्थ करते, आणि भांग पिऊन हसणारे वडील आठवले की तेही अस्वस्थ करतं. पण भर सभेत 'मला माहीत नाही' म्हणणारी ती एकटीच होती. ती हरली, अगदी थोडी मतं मिळाली. अक्कांचा विद्यार्थी निवडून आला.

त्यानंतर जे झालं ते अण्णांनी केलं. पिठाच्या बाईच्या नवऱ्याला घेऊन ते शहरातल्या सरकारी इस्पितळात जात. दोन बस बदलून दीड तास, तिथं रांग, परत दीड तास. तो माणूस तीनदा अर्ध्या वाटेवर उतरून पळाला. अण्णा चौथ्यांदा सातला त्याच्या दारात उभे. मग एक दिवस ते त्या नवऱ्या-बायकोला घेऊन नव्या आमदाराच्या कार्यालयात गेले. सरकारी पाटी असलेल्या कुठल्याही दारात ते तरुणपणानंतर आपणहून गेले नव्हते, असं अक्का म्हणाल्या. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथल्या बाकावर बसून राहिले. आमदार बाहेर आला तेव्हा एवढंच म्हणाले, "कायदा राहू दे. आठवड्यातून एक दिवस इथल्या दवाखान्यात व्यसनाचा डॉक्टर बसव."

दोन-अडीच महिने गेले. मग गुरुवारी डॉक्टर बसायला लागला. फलकावर कशाचा विभाग ते लिहिलेलं नाही, नुसतं 'गुरुवार, मानसिक आरोग्य'. त्या आमदारानं विधानसभेत या विषयावर अजून तोंड उघडलेलं नाही. अक्का दर भेटीत त्याला विचारतात, तो दर भेटीत 'पाहू, टीचर' म्हणतो आणि कॉफी संपवतो.

मागच्या पावसाळ्यात अण्णांना ताप आला, म्हणून एका गुरुवारी पिठाच्या बाईच्या नवऱ्याबरोबर मी गेले. तो आता एका टायरच्या दुकानात काम करतो. मध्ये दोनदा घसरला, पुन्हा उभा राहिला. आम्ही दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसलो. पागोळ्या गळत होत्या, आवारात साचलेल्या पाण्यात पांढरं आभाळ हलत होतं. कारखान्यातल्या उत्तरेकडच्या कामगारांकडून शिकलेल्या हिंदीत तो माझ्याशी बोलत होता. मी विचारलं, आत डॉक्टर काय विचारतात?

"पहिलं विचारतात, झोप लागली का," तो म्हणाला. "मला ते आवडतं. घरी कुणी विचारत नाही, पोलीस तर नाहीच."

"मग? लागली?"

"चार तास." त्यानं बोटं उघडून दाखवली, काळी, रबराचा वास असलेली. "काल तर साडेचार."

नर्सनं आतून त्याचा नंबर पुकारला. त्यानं शर्ट नीट केला, चपला दाराबाहेर जोडीनं ठेवल्या आणि आत गेला.